न पोचलेल्या तारांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परराष्ट्र खात्यांच्या गोपनीयतेवर आलेला लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: २०१० साली अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाख तारा, म्हणजे मुख्यालयाला पाठवलेले अहवाल-संदेश, विकिलीक्स या गुप्त कागद छापणाऱ्या संकेतस्थळाच्या हाती लागल्या, कारण त्या नको तितक्या लोकांना खुल्या होत्या, तेव्हा परदेशातल्या प्रत्येक सरकारी कचेरीनं आपला अहवाल फक्त मुख्यालयाला पाठवावा आणि एका कचेरीनं दुसरीच्या कागदांत डोकावू नये. लेख अभ्यासानं लिहिला आहे, पण शेवटी सुचवलेला उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. असं का म्हणतो ते सांगण्यासाठी हे पत्र. लांबलंय, जागेअभावी कापलंत तरी माझी तक्रार नाही.

माझी नोकरी परदेशातल्या कचेऱ्यांच्या संदेशवहन खोलीत गेली. जाड दाराची, बिनखिडकीची खोली. तिच्यात खुद्द राजदूतालाही वाटेल तेव्हा शिरता येत नसे. अहवाल लिहिणारे अधिकारी वेगळे. आम्ही तो सांकेतिक लिपीत बसवायचा, पाठवायचा आणि जावक वहीत नोंदवायचा. आधी कागदी संकेतवह्या, मग टेलेक्सची भोकं पाडलेली फीत, पुढं यंत्रं, शेवटी संगणक. मजकुरावर मत द्यायचा आम्हाला अधिकार नव्हता आणि कुणी विचारतही नसे. पण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला न दिसणारी एक गोष्ट आम्हाला रोज दिसे: कुठला कागद कुठं गेला आणि कुठं गेलाच नाही.

एक प्रसंग सांगतो. देशांची नावं गाळतो, कारण गुप्ततेची शपथ निवृत्तीच्या दिवशी संपत नाही. एका वकिलातीत असताना तिथल्या कामगार विभागानं एका भरती एजंटाबद्दल तपशीलवार अहवाल लिहिला. हा गृहस्थ नोकरीचं आमिष दाखवून माणसं आणायचा, पर्यटक व्हिसावर उतरवायचा, पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा आणि मुदत संपत आली की त्यांना शेजारच्या देशाच्या हद्दीत सोडून द्यायचा. अहवाल नेटका होता. माणसांचे जबाब होते, विमानांच्या तारखा होत्या. तो गेला फक्त मुख्यालयाला. ज्या शेजारी देशात ही माणसं सोडली जात होती, तिथंही आमचीच वकिलात होती. तिला प्रत नाही.

पुढं माझी बदली नेमकी त्याच वकिलातीत झाली. काही काळानं दाराशी अशी माणसं येऊन बसू लागली. तिथल्या कॉन्सुलर, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामं पाहणाऱ्या, अधिकाऱ्यानं मोठ्या मेहनतीनं चौकशी केली, आपण काही नवीनच शोधून काढलं अशा उत्साहानं अहवाल लिहिला आणि तो पाठवायला माझ्याकडे आला. त्यात तोच एजंट, तीच युक्ती. नाव लांबलचक आणि चमत्कारिक होतं. असली नावं आम्हाला अक्षर अक्षर फोडून पाठवावी लागत, म्हणून ती डोक्यात बसतात. मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, साहेब, हे नाव मी आधी पाठवलंय. त्याचा विश्वास बसेना. मुख्यालयाकडून जुना अहवाल मागवला, स्मरणपत्रं गेली, तेव्हा कुठं तो मिळाला. तो ‘कामगार’ या मथळ्याच्या फायलीत होता आणि आमचा ‘कॉन्सुलर’च्या फायलीत जाणार होता. दोन्ही फायली एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. मधल्या काळात जी माणसं फसली, त्यांना कुणाही हेरानं किंवा हॅकरनं फसवलं नव्हतं.

आपल्या लेखकाच्या हिशेबानं या प्रकरणात गोपनीयता उत्तम पाळली गेली. एक शब्द फुटला नाही.

राजनैतिक संबंधांचा १९६१ चा व्हिएन्ना करार या खात्यातल्या लोकांना पाठ असतो. त्याचं तिसरं कलम सांगतं की यजमान देशातली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेणं आणि आपल्या सरकारला कळवणं हे वकिलातीचं काम आहे. चोविसावं कलम वकिलातीच्या दप्तराला हात लावू देत नाही, मग ते कुठंही असो. सत्ताविसावं कलम राजनैतिक टपालाची थैली उघडायला आणि अडवायला मनाई करतं. कागद वाटेत सुरक्षित राहावा याची करारानं इतकी काळजी घेतली आहे. पोचल्यावर तो कुठल्या टेबलावर जातो आणि तिथं किती दिवस पडून राहतो, हे मात्र ज्याच्या त्याच्या सरकारवर सोडलंय. साहजिकच आहे म्हणा. आळसाविरुद्ध कलम कसं लिहिणार?

वाटून घेतलेल्या अहवालानं काय होतं, याचं मला आठवणारं सगळ्यात ठसठशीत उदाहरण १९७१ चं आहे. मार्चच्या अखेरीस ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड तिथल्या कत्तलीबद्दल तारेमागून तार पाठवत होते. इस्लामाबादमधल्या त्यांच्या स्वतःच्या राजदूताला सूर वेगळा हवा होता आणि वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष निक्सन व किसिंजर यांना त्या बातम्या मुळीच नको होत्या. पण ढाक्याचा मजकूर दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीपर्यंत पोचला होता. दिल्लीतले राजदूत केनेथ कीटिंग यांनी लगेच आपली स्वतंत्र तार पाठवून ब्लड यांना दुजोरा दिला. एका कचेरीचं म्हणणं अतिरंजित म्हणून झटकता येतं. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कचेरीनं तेच म्हटलं की झटकणाऱ्याला निदान कारण तरी द्यावं लागतं. ६ एप्रिलला ढाक्यातून जी प्रसिद्ध मतभेदाची तार गेली, तिच्यावर तिथल्या २० जणांच्या सह्या होत्या. ती फक्त ‘कॉन्फिडेन्शियल’ या खालच्या दर्जाची होती, त्यामुळे खात्यात भरपूर फिरली. वरिष्ठ भडकले, तिचं वाटप आवळण्यात आलं आणि ब्लड यांना परत बोलावलं गेलं. धोरण बदललं नाही, हे खरं. पण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मात्र त्या प्रतींमुळे कुणाला उरली नाही.

आता उलटं उदाहरण. २४ सप्टेंबर १९४१ रोजी टोकियोनं होनोलुलूतल्या आपल्या कॉन्सुलेटला हुकूम पाठवला: पर्ल हार्बरच्या पाण्याचे पाच भाग पाडा आणि कुठल्या भागात कुठली जहाजं उभी आहेत ते कळवत जा. अमेरिकनांनी ही तार पकडली आणि ऑक्टोबरात उलगडलीही. वॉशिंग्टनमधल्या मोजक्या लोकांनी ती वाचली. ज्यांची जहाजं मोजली जात होती त्या ॲडमिरल किमेल यांना ती पाठवली नाही आणि हवाईतल्या लष्कराचे प्रमुख जनरल शॉर्ट यांनाही नाही. जपानी संकेत फुटलेत हे जपानला कळू नये, म्हणून उलगडलेल्या तारांचं वाटप अगदी आवळून ठेवलेलं होतं. कारण चुकीचं नव्हतं. त्याची किंमत ७ डिसेंबरला, जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा कळली.

त्याच वर्षी जानेवारीत टोकियोतले अमेरिकी राजदूत जोसेफ ग्रू यांनी एक तार केली होती: पेरूच्या तिथल्या राजनैतिक प्रतिनिधीकडून असं कानावर आलंय की भांडण पेटलं तर जपान पर्ल हार्बरवर एकदम मोठा हल्ला करणार. ही तार नौदलाकडे गेली, आणि किमेल यांच्यापर्यंतही पोचली! पण सोबत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचा शेरा होता की या अफवांवर आमचा विश्वास नाही. मी आयुष्यभर शेरे टाइप केले, त्यामुळे हा प्रकार मला नवा नाही. कागद पाठवला की पाठवणाऱ्याचं कर्तव्य संपतं, आणि वर शेरा मारला की जबाबदारीही संपते.

म्हणजे निव्वळ वाटून भागत नाही, हे मलाही मान्य आहे. आपल्या लेखकानं २००९ च्या डिसेंबरमधल्या डेट्रॉइटच्या विमानाचा ओझरता उल्लेख केला आहे, पण त्यातला खरा मासला सोडून दिला. १९ नोव्हेंबर २००९ रोजी एक नायजेरियन गृहस्थ अबुजातल्या अमेरिकी वकिलातीत गेले आणि म्हणाले, माझा मुलगा अतिरेक्यांच्या नादी लागलाय. बाप स्वतः येऊन सांगतोय, याहून चांगली खबर कुठली असणार? दुसऱ्याच दिवशी वकिलातीनं ठरलेल्या रीतीनं वॉशिंग्टनला तार केली. तारेत मुलाच्या नावात एका अक्षराची चूक झाली. त्यामुळे शोध घेतला तेव्हा त्याच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, हे दिसलंच नाही. तो व्हिसा कुणी दिला होता? अमेरिकेच्याच लंडनच्या वकिलातीनं, जून २००८ मध्ये. नाताळच्या दिवशी तो मुलगा स्फोटकं लपवून विमानात बसला. ती नीट पेटली नाहीत आणि सहप्रवाशांनी त्याला धरलं, म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर आठवड्याभरात नियम बदलला: अशा तारेत संबंधिताच्या व्हिसाची माहिती द्यायलाच हवी. म्हणजे तार लिहिणाऱ्यानं आपलीच दुसरी कचेरी काय करून बसली आहे ते आधी पाहायचं. इतकी साधी गोष्ट, पण तिला विमान पेटायची वेळ यावी लागली. सांकेतिक खोलीत आम्ही नावं दोनदा तपासत असू, त्याबद्दल तरुण अधिकारी आम्हाला हसत. असो.

आता २०१० च्या त्या प्रकरणाकडे येतो. लेखात ‘अडीच लाख अतिगोपनीय तारा’ असं छापलंय. ते दुरुस्त व्हायला हवं. तारा २,५१,२८७ होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त अवर्गीकृत, म्हणजे गोपनीयतेचा शिक्का नसलेल्या होत्या. ‘सीक्रेट’ दर्जाच्या १५,६५२. ‘टॉप सीक्रेट’ एकही नाही, कारण लष्कराच्या ज्या संगणक-जाळ्यावरून त्या फुटल्या, तिथं तो दर्जा ठेवतच नसत.

मुळात त्या एवढ्या उघड्या का ठेवल्या होत्या? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जी चौकशी झाली, तिच्यात असं निघालं की अपहरणकर्त्यांपैकी खालिद अल-मिहधार याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, हे सीआयएला जानेवारी २००० पासून ठाऊक होतं. व्हिसा दिला होता जेद्दातल्या अमेरिकी कॉन्सुलेटनं. तरी ज्या यादीवरून व्हिसा आणि प्रवेश नाकारतात, तिच्यात त्याचं नाव २४ ऑगस्ट २००१ पर्यंत चढलं नाही. तोवर तो अमेरिकेत पोचलाही होता. या हलगर्जीपणाची लाज वाटून सरकार दुसऱ्या टोकाला गेलं. वकिलातींच्या तारांवर विशिष्ट खूण केली की त्या आपोआप एका सामायिक साठ्यात जायच्या आणि लष्कराच्या जाळ्यावरून लाखो लोकांना दिसायच्या. वाटप कुणी ठरवतच नव्हतं. खूण केली की झालं. इराकमध्ये बसलेल्या एका तरुण लष्करी विश्लेषकाला आइसलँडमधल्या रेक्याविकच्या वकिलातीची तार वाचायचं काय कारण? पण ती वाचता येत होती, उतरवून घेता येत होती, आणि गाण्यांच्या म्हणून नेलेल्या सीडीवर भरून बाहेरही नेता येत होती. विकिलीक्सनं त्या साठ्यातली सर्वांत आधी छापलेली तार रेक्याविकचीच. गंमत म्हणजे, हीच तार शेजारच्या कुठल्या वकिलातीत नीट वाचली गेली असेल का, याची मला शंका आहे. सगळ्यांसाठी असलेला कागद आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही.

फुटल्याचे परिणाम खोटे नव्हते. मेक्सिकोतले अमेरिकी राजदूत कार्लोस पास्कुअल यांनी तिथल्या सुरक्षा दलांबद्दल परखड लिहिलं होतं. मार्च २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. इक्वेडोरनं महिनाभरात आपल्याकडच्या अमेरिकी राजदूताला हाकललं. २०१९ च्या जुलैत ब्रिटनचे वॉशिंग्टनमधले राजदूत किम डॅरक यांच्या तारा वृत्तपत्रात आल्या आणि त्यांनाही जावं लागलं. यातली नुकसानीची खरी बाजू राजीनाम्यांत दिसत नाही. ती पुढं लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत दिसते. अधिकारी गुळमुळीत लिहू लागतो, नाव घ्यायचं तिथं ‘एक संबंधित व्यक्ती’ लिहितो, आणि महत्त्वाचं ते फोनवर सांगतो. फोनवर सांगितलेलं जावक वहीत येत नाही. पाच वर्षांनी त्याच जागी येणाऱ्या माणसाला ते मिळत नाही.

धोका वाटेतही असतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. १९१७ च्या जानेवारीत जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव धाडला. तार आधी वॉशिंग्टनमधल्या जर्मन वकिलातीत आली आणि तिथून मेक्सिकोला गेली. मेक्सिकोच्या कचेरीत नवी संकेतवही नव्हती, म्हणून वॉशिंग्टनच्या जर्मनांनी ती जुन्या संकेतात बसवून साध्या व्यापारी तारायंत्रानं पाठवली. जुना संकेत ब्रिटिशांनी बराचसा फोडलेला होता. त्यांनी मेक्सिकोतल्या तार कचेरीतून प्रत मिळवली. ती अमेरिकेला दाखवली, आणि एप्रिलमध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. शंभर वर्षांनी वेगळं काही नाही: युरोपीय संघाच्या देशांत राजनैतिक संदेश फिरवणाऱ्या ‘कोरू’ जाळ्यात सायप्रसमधून मिळवलेल्या पासवर्डांच्या जोरावर शिरकाव झाल्याचं डिसेंबर २०१८ मध्ये बाहेर आलं. साखळीतली सर्वांत गरीब कचेरी जितकी पक्की, तितकंच सगळं जाळं पक्कं. तेव्हा पैसे खर्चायचे तर मोठ्या राजधान्यांतल्या चकचकीत इमारतींवर नव्हे, आडबाजूच्या तीन-चार माणसांच्या कॉन्सुलेटवर खर्चावेत. तिथं पहारेकरीच संध्याकाळी संगणक बंद करतो, असंही मी पाहिलंय.

मग करावं काय? माझं मत जुन्या कारकुनाचं आहे, ते तसंच घ्यावं. वाटप यंत्रावर किंवा ठरीव खुणेवर सोडू नये. अहवाल लिहिणाऱ्यानं प्रत्येक वेळी कचेऱ्यांची नावं स्वतः लिहावीत, आणि ती लिहिताना आपल्या हद्दीपलीकडे हे प्रकरण कुणाच्या दारात जाणार आहे याचा विचार करावा. यादीत एक तरी नाव ‘कार्यवाहीसाठी’ असावं, बाकीची ‘माहितीसाठी’. ज्याच्याकडे कार्यवाही, त्यानं उत्तर द्यावंच, भले ‘काही करायचं नाही’ एवढंच असो. त्या उत्तराखाली सही असते. खबर देणाऱ्याचं नाव वेगळ्या कागदावर, मोजक्यांसाठी. बाकी मजकूर मोकळा. आमच्या त्या भरती एजंटाच्या अहवालात लपवण्यासारखे होते ते जबाब देणाऱ्या मजुरांचे नाव-पत्ते. एजंटाचं नाव गोपनीय ठेवण्यात एजंटाखेरीज कुणाचा फायदा होता? आणि कोण काय उघडून पाहतो याची नोंद ठेवावी. रेक्याविकची तार बगदादजवळ कुणी उतरवून घेतोय, हे त्याच आठवड्यात दिसायला हवं होतं, कुणा ओळखीच्यानं चुगली केल्यावर नव्हे.

पंधराव्या शतकातलं व्हेनिस आपल्या राजदूतांचे अहवाल घ्यायचंच, पण इतर ठिकाणांहून आलेल्या बातम्यांचे गोषवारेही उलट त्यांना पाठवायचं. दरबारात बसणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही असेल तरच त्याला कुणी काही सांगेल, हे त्या व्यापाऱ्यांना पक्कं माहीत होतं. आमच्या कचेरीत वर गेलेल्या दहा अहवालांमागे खाली किंवा शेजारून एखादाच यायचा, आणि तो बहुधा रजेच्या नियमांबद्दल असायचा.

आपल्या लेखकाची परराष्ट्र खात्यात चांगली ऊठबस आहे, असं लेखावरून वाटतं. पुढच्या भेटीत त्यांनी एखाद्या वकिलातीच्या दुय्यम अधिकाऱ्याला शेजारच्या देशातल्या आपल्याच कॉन्सुलेटमध्ये या घडीला कोण बसतं आणि त्याच्याकडून शेवटचा कागद कधी आला, हे विचारून पाहावं. उत्तर छापलंत तर मी अंक जपून ठेवीन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त संदेशवहन कर्मचारी
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)